उसना आवाज : लुईज ब्रुक्सची कहाणी

होमिओपॅथीच्या डॉक्टरने मूकपटातल्या अमेरिकन नटीवर लिहावं, याचं आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत ऐकणं ही निम्मी चिकित्सा असते. रोगी बोलत असताना वैद्याने गप्प बसावं, त्याला मध्येच तोडू नये, असं हानेमानने 'ऑर्गेनन'मध्ये लिहून ठेवलं आहे. इतकी वर्षं हे करताना मला एक कळलं. माणसाची कहाणी दुसऱ्याने सांगितली की ती फार नीटनेटकी होते. लुईज ब्रुक्सचीही अशीच केली जाते. लहान गावातली देखणी मुलगी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर नाचली, सिनेमात गेली, माजली, आपटली, हलाखीत गेली. वाचकहो, यातलं एकही वाक्य धड खोटं नाही, आणि तरी ही तिची कहाणी नव्हे.

तिचा जन्म १४ नोव्हेंबर १९०६चा, कॅन्सस राज्यातल्या चेरीव्हेल या गावचा. वडील लिओनार्ड वकील. आई मायरा पियानो उत्तम वाजवायची. द्यब्युसी आणि राव्हेल यांच्या रचना त्या आडगावातल्या घरात ऐकू येत. चार मुलं झाली, पण त्यांनी आपापलं पाहावं, ती वाढवणं हे काही आपलं काम नाही, असं आईचं उघड मत होतं. घरात पुस्तकं आणि संगीत भरपूर, देखरेख मात्र नाही. लुईज नऊ वर्षांची असताना शेजारच्या एका प्रौढ माणसाने तिच्यावर अत्याचार केला. पुढे केव्हा तरी तिने हे आईला सांगितलं, तेव्हा तूच त्याला नादी लावलं असशील, असं उत्तर मिळालं. ही गोष्ट ती उतारवयात बोलली. दवाखान्यात बसणाऱ्याच्या कानी असा मजकूर आयुष्यात कधी ना कधी येतोच, आणि दर वेळी आईबापांचं ते उत्तरच जास्त खोल रुतलेलं आढळतं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना, आणि अखेर अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडं नेसून उभं राहावं लागलं, हे आपण सारे जाणतोच. त्यानंतर तीन-चार वर्षांनी कॅन्ससमध्ये दहा वर्षांची लुईज क्लबांत आणि जत्रांत नाचत होती, आणि आईचं तिला उत्तेजन होतं. १९२२ साली, पंधराव्या वर्षी, ती न्यूयॉर्कला 'डेनिशॉन' या नृत्यसंस्थेत दाखल झाली. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन या दांपत्याची ही संस्था. रूथबाईंचं नाव झालं तेच मुळी 'राधा' या भारतीय धर्तीच्या नृत्यावर, आणि १९२६मध्ये ही मंडळी भारताचा दौराही करून गेली. मार्था ग्रॅहम तेव्हा याच कंपनीत होती आणि लुईज तिच्याकडे बघत बघत शिकली. मात्र भारतात आलेल्या ताफ्यात लुईज नव्हती. १९२४ सालीच रूथबाईंनी साऱ्या कंपनीदेखत तिला काढून टाकलं होतं. आयुष्य कोणी तरी चांदीच्या तबकात घालून पुढे करावं अशी तुझी अपेक्षा आहे, हे त्यांनी दिलेलं कारण. सतरा वर्षांच्या मुलीला ते वाक्य जन्मभर पुरलं. पुढे एका आत्मचरित्रात्मक कादंबरीचा आराखडा तिने केला, तेव्हा शेवटच्या प्रकरणाला 'चांदीचं तबक' हेच नाव योजलं होतं.

नोकरी गेली तशी ती ब्रॉडवेवर 'जॉर्ज व्हाइट्स स्कँडल्स' या रंगीत खेळात नाचू लागली. मध्ये लंडनला जाऊन कॅफे द पारीमध्ये तिने चार्ल्सटन नाच केला आणि १९२५ साली झीगफेल्डच्या 'फॉलीज'मध्ये आली. शोगर्ल म्हणजे काय, हे इथे जरा उलगडून सांगायला हवं. फॉलीज म्हणजे गाणी, नकला, नाच आणि देखावे यांचा थाटाचा खेळ. १९०७पासून दर वर्षी नवा निघे. त्यात नाचणाऱ्या मुली वेगळ्या आणि शोगर्ल वेगळ्या. शोगर्लने जड पोशाख आणि डोक्यावर भलंमोठं शिरोभूषण घालून संथपणे चालायचं, उभं राहायचं, दिसायचं. बोलायचं नाही. अमेरिकन मुलीला गौरवणं हे झीगफेल्डचं ब्रीदवाक्य होतं, पण गौरव कसला ते पहिल्या रांगेत बसलेले धनिक ठरवत. खेळ संपल्यावर बँकवाले आणि पुढारी यांच्या मेजवान्यांना निवडक मुलींना बोलावणं जाई. लुईज ते नाकारत नसे, आणि पुढे तिने हे सगळं लिहिलं तेव्हा स्वतःला वगळलंही नाही.

याच दिवसांत तिने एका छायाचित्रकाराकडे अंगावर जेमतेम वस्त्र असलेले फोटो काढवून घेतले होते. सिनेमात पाऊल टाकताच, १९२५च्या अखेरीस, ते फोटो बाजारात येऊ नयेत म्हणून ती कोर्टात गेली. शोगर्लने स्वतःच्या चित्रावर हक्क सांगावा, याची वर्तमानपत्रांना मौज वाटली. मला त्या खटल्यात पुढच्या साऱ्या भांडणाचं बीज दिसतं. माझं रूप विकलं जातंय खरं, पण त्यातलं किती आणि कुणी विकायचं हे मी सांगणार, असं ती म्हणत होती.

१९२५मध्येच पॅरामाउंट कंपनीने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. न्यूयॉर्कमधल्या अस्टोरियाच्या स्टुडिओत सुरुवात झाली. कपाळावर सरळ कापलेले, कानांवरून गालांवर आलेले तिचे काळेभोर आखूड केस इतके गाजले की अमेरिकेतल्या बायका न्हाव्याकडे तसे केस मागू लागल्या. १९२६ आणि १९२७ या दोन वर्षांत तिचे बरेच चित्रपट आले, बहुतेक हलकेफुलके. दिग्दर्शक एडी सदरलंडशी लग्न झालं, १९२८मध्ये मोडलं. त्या चित्रपटांवर वेळ घालवत नाही. थांबण्यासारखा आहे तो विल्यम वेलमनचा १९२८मधला 'बेगर्स ऑफ लाइफ'. यात ती एक अनाथ मुलगी आहे. मानलेला बाप अंगावर हात टाकतो, ती त्याला गोळी घालते आणि पोरग्याचे कपडे चढवून, मालगाड्यांवर लटकत भटक्यांबरोबर पळते. खुनाची हकीकत ती सांगते तेव्हा पडद्यावर तिचा चेहरा आणि त्याच्यावरच घडून गेलेला प्रसंग, असं दोन्ही एकदम दिसतं. चेहऱ्यावर रडू नाही, आव नाही. चेरीव्हेलची गोष्ट ठाऊक असलेल्याला ते दृश्य सहज बघवत नाही.

आता वळणाची जागा. ऑक्टोबर १९२७मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि चित्रपट बोलू लागले. नटनट्यांचे आवाज चालतील की नाही, याची कुणाला खात्री नव्हती, आणि या अनिश्चिततेचा उपयोग कंपन्यांनी चोख केला. पॅरामाउंटचे बी. पी. शुल्बर्ग यांनी लुईजला बोलावून सांगितलं की करारातली पगारवाढ मिळणार नाही. आहे त्या पगारावर राहायचं तर राहा, नाही तर जा. बहुतेक जण राहत. ती म्हणाली, जाते. जाता जाता तिला कळलं की बर्लिनचे दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्ट तिला केव्हापासून मागत आहेत. हॉवर्ड हॉक्सच्या 'अ गर्ल इन एव्हरी पोर्ट'मध्ये त्यांनी तिला पाहिलं होतं. त्यांना ल्यूलूची भूमिका करणारी नटी हवी होती. मार्लेन डीट्रिख त्यांच्या कचेरीत बसलेली असताना पॅरामाउंटचा होकार आला, असं पाब्स्ट सांगत.

फ्रांक वेडेकिंटच्या दोन नाटकांवरून घेतलेला 'पँडोराज बॉक्स' ९ फेब्रुवारी १९२९ला बर्लिनमध्ये झळकला. ल्यूलू ही नाचणारी, पुरुषांच्या आश्रयावर जगणारी मुलगी. ती कुणाचं वाईट चिंतत नाही, पण तिच्या आसपासचे पुरुष एकेक करून बुडतात, आणि अखेर लंडनच्या धुक्यात जॅक द रिपरच्या सुरीने ती मरते. रंगभूमीवर ही बाई कैदाशीण म्हणून रंगवण्याची चाल होती. पाब्स्टना ती तशी नको होती. लुईजला जर्मन येत नव्हतं. ते तिला इंग्रजीत थोडक्यात सांगत आणि तिला नाचणारीण म्हणून वागवत, अंगाच्या हालचालीतून भाव काढून घेत. फ्रिट्स कोर्टनर या मोठ्या नटाला ही अमेरिकन शोगर्ल मुळीच सहन होत नसे; एका प्रसंगानंतर त्याच्या दहा बोटांचे वळ तिच्या दंडांवर उमटले होते, असं तिने लिहिलं आहे. शेवटच्या भागासाठी पाब्स्टनी तिचाच एक आवडता पोशाख मागवून फाडला, मळवला आणि तोच घालायला लावला. ती चिडली, पण तो अंगावर चढताच ल्यूलूचं काय झालं ते तिला अंगातूनच कळलं. बर्लिनच्या समीक्षकांनी काय म्हणावं? हिला अभिनय येत नाही, ही काहीच करत नाही. आज नेमकं तेच न-करणं पाहायला लोक तो चित्रपट लावतात.

दुसऱ्या चित्रपटाच्या, म्हणजे 'डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल'च्या चित्रीकरणाच्या अखेरीस पाब्स्टनी तिला बजावलं की तुझं जगणं अगदी ल्यूलूसारखं आहे आणि तुझा शेवटही तसाच होईल. हे भाकीत मनात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

या दोन जर्मन चित्रपटांच्या मधल्या काळात ती न्यूयॉर्कला परतली होती, तेव्हा पॅरामाउंटचा निरोप आला. जाण्यापूर्वी तिने 'द कॅनरी मर्डर केस' हा मूकपट पुरा केला होता. त्यात ती 'कॅनरी' नावाने ओळखली जाणारी, खून होणारी शोगर्ल होती. आता कंपनीला तो बोलपट करायचा होता. येऊन संवाद म्हणून जा. ती नाही म्हणाली. रक्कम चढत गेली, ती नाहीच म्हणत राहिली. मग मार्गरेट लिव्हिंग्स्टन या नटीच्या आवाजात संवाद भरले गेले आणि लुईज ब्रुक्सचा आवाज बोलपटाला चालत नाही, अशी बातमी पसरवण्यात आली. गाणाऱ्या पक्ष्याचं नाव असलेल्या भूमिकेत तिच्या तोंडी दुसरीचा आवाज! कथाकाराने रचलं असतं तर आपण ताणलेलं म्हटलं असतं.

आणि हे पुन्हा घडलं. १९३०मध्ये फ्रान्समध्ये तिने आउगुस्तो जेनिना यांचा 'प्री द बोते' केला. सौंदर्यस्पर्धा जिंकणाऱ्या टंकलेखिकेची ही गोष्ट. लुईजचं बोलणं आणि गाणं दोन्ही फ्रेंच बाईच्या आवाजात आहे. शेवटी नायिका अंधाऱ्या दालनात स्वतःची पहिली बोलपट-चाचणी पाहत बसलेली असते. मत्सराने पेटलेला नवरा मागून येऊन तिला गोळी घालतो. ती खाली कोसळते, आणि तिच्यामागे पडद्यावर तिचीच प्रतिमा गात राहते. मी हा चित्रपट दोनदा पाहिला आहे. दुसऱ्या वेळी एवढंच मनात आलं की मेलेली गप्प आहे, आणि गाते आहे तीही ही नव्हेच.

तिचा आवाज खरंच वाईट होता का? नव्हता. १९३१मध्ये तिने काही छोट्या भूमिका बोलपटात केल्या, त्यात तो ऐकू येतो. साधा, स्वच्छ, कॅन्ससचा आवाज आहे. 'कॅनरी'बद्दलचा नकार मात्र मला निव्वळ बाणेदारपणा वाटत नाही. त्यात हट्ट होता, तिटकारा होता, आणि आपण कशाची होळी करतोय याची बेफिकिरीही होती. वेलमन यांनी 'द पब्लिक एनिमी'मध्ये बोलावलं तेव्हाही ती नाहीच म्हणाली. ती भूमिका जीन हार्लोला मिळाली. तिला नाकारलं गेलं हे खरं, पण नाकारायची सवय तिलाही होती.

पुढचं भराभर सांगतो, कारण तिनेही ते फार रेंगाळून सांगितलेलं नाही. १९३२मध्ये दिवाळखोरी. दुसरं लग्न, काही महिन्यांचं. नाचाचे कार्यक्रम. कोलंबियाने काम देताना पुन्हा घोळक्यात नाचायला लावलं आणि पूर्वीची तारका कोरसमध्ये, अशी त्याची जाहिरात केली. १९३८मध्ये जॉन वेनबरोबर एक काउबॉयपट, तो शेवटचा. १९४०मध्ये ती माहेरी विचिटाला परतली, नाचाचा वर्ग काढला. गावातले अर्धे लोक हिने नाव कमावलं म्हणून रागावलेले आणि उरलेले ते घालवलं म्हणून तुच्छ मानणारे, असं तिचं निरीक्षण आहे. लहान गावातून बाहेर जाऊन परतलेल्या कुणालाही ते पटेल. १९४३मध्ये परत न्यूयॉर्क, रेडिओवरच्या मालिका, मग १९४६ ते १९४८ सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यू या दुकानात आठवड्याला चाळीस डॉलरवर विक्रेती. त्यानंतर दारू, आणि श्रीमंत पुरुषांच्या पैशावरचं जगणं. या काळात तिने आत्मचरित्र लिहिलं आणि कचरा जाळण्याच्या भट्टीत टाकून दिलं.

याच वर्षांत वर्तमानपत्रांत 'डिक्सी डुगन' नावाची चित्रमालिका रोज येत होती. नायिका शोगर्ल, तिचे केस नि चेहरा लुईजवरून घेतलेले. १९२९ साली सुरू झालेली ती मालिका १९६६पर्यंत चालली. दुकानाच्या काउंटरमागे उभी असलेली बाई आणि तिचं कायम विशीतलं चित्र एकाच शहरात होते.

१९५५मध्ये पॅरिसला आंरी लांग्ल्वा यांनी सिनेमाच्या साठ वर्षांचं प्रदर्शन भरवलं. दारातच दोन मोठी छायाचित्रं होती, एक फाल्कोनेत्तीचं आणि दुसरं लुईज ब्रुक्सचं. गार्बोचं का नाही, असं विचारल्यावर गार्बो नाही, डीट्रिख नाही, आहे ती फक्त लुईज ब्रुक्स, या अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. जेम्स कार्ड हे रॉचेस्टरच्या ईस्टमन हाउसचे चित्रपट-संग्राहक. त्यांनी तिला न्यूयॉर्कच्या खोलीतून शोधून काढलं आणि १९५६मध्ये रॉचेस्टरला आणलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी फाळक्यांची रिळं मिळवून जपली, त्या जातीचे हे लोक. त्यांनी रिळं जपली म्हणून आज हा लेख लिहिता येतो. कार्डनी एक जादा काम केलं : नटीला तिचेच चित्रपट दाखवले आणि लिही म्हणाले.

पन्नाशीत तिने लिहायला घेतलं. 'साइट अँड साउंड'मध्ये 'गिश अँड गार्बो' हा तिचा लेख आला. बोलपटाचं निमित्त करून आणि गार्बोचं नवं यश पुढे करून कंपन्यांनी लिलियन गिशसारख्या जड पगाराच्या नट्यांना कसं दूर केलं, याची ती उलटतपासणी आहे. स्वतःच्या जखमेचं निदान तिने दुसरीच्या केसवरून केलं, असं मी म्हणेन. पाठोपाठ चॅप्लिन, बोगार्ट, डब्ल्यू. सी. फील्ड्स, पाब्स्ट यांच्यावरचे लेख आले. गद्य कोरडं, धारदार, कुणाचीही भीड न ठेवणारं. कधी अन्यायकारकही, तिच्या आठवणी इतर पुराव्यांशी जुळवून पाहाव्याच लागतात. १९८२मध्ये हे लेख 'लुलू इन हॉलिवूड' या पुस्तकात एकत्र झाले. त्याआधी १९७९मध्ये केनेथ टायनन यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये तिच्यावर दीर्घ लेख लिहून तिला पुन्हा जगापुढे आणलं होतं. पूर्ण आत्मचरित्र मात्र तिने लिहिलं नाही. का नाही, यावरच एक लेख लिहिला : आपल्या लैंगिक आयुष्याचं सत्य लिहायची तयारी नसेल तर बाकीचं लिहून माणूस कळत नाही, आणि ते लिहायची माझी तयारी नाही.

इथे आपल्यापैकी पुष्कळांना हंसा वाडकर आठवतील. सावंतवाडीच्या घराण्यातल्या रतन साळगावकर. १९७० साली त्यांचं 'सांगत्ये ऐका' पुस्तकरूपाने आलं. ते त्यांनी बोलून सांगितलं आणि अरुण साधूंनी लिहिलं. लुईजने जे लिहायचं नाकारलं, ते हंसाबाईंनी सांगून टाकलं. कुणी जास्त धीट, हे मी ठरवत नाही. पण दोघींच्या बाबतीत पडद्यावरच्या चेहऱ्याला स्वतःचे शब्द मिळाले ते आयुष्याच्या उतरणीवर, आणि पडद्याबाहेर.

पाब्स्टच्या भाकिताकडे येतो. हे भाकीत तिच्यावरच्या लिखाणात मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं, जणू ते खरंच ठरलं. वैद्य म्हणून मला ते पटत नाही. रोगाची पुढची वाट सांगताना आम्हीही चुकतो, आणि अर्धी खूण जुळली की पाहा मी म्हणालो होतो ना, असं म्हणण्याचा मोह आम्हालाही होतो. ल्यूलू ऐन तारुण्यात, एका अनोळखी माणसाच्या हातून मेली. लुईज रॉचेस्टरच्या छोट्या घरात तीस वर्षं जवळजवळ एकटी राहिली. तिचा जुना स्नेही, प्रसारणसम्राट विल्यम पेली, याच्याकडून दरमहा ठराविक मदत येई. सांधेदुखीने तिला जायबंदी केलं, आयुष्यभराच्या सिगरेटींनी फुप्फुसं निकामी केली, शेवटची वर्षं बहुतेक अंथरुणात, उशापाशी पुस्तकं. ८ ऑगस्ट १९८५ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने ती गेली. आपल्या आयुष्याला अपयश म्हणणारी तीच होती. तेवढं एक तिचं निदान मी मानत नाही.

तिचे अनेक मूकपट नष्ट झाले आहेत. 'द अमेरिकन व्हीनस'चे तुकडेच उरलेत, 'रोल्ड स्टॉकिंग्ज' आणि 'द सिटी गॉन वाइल्ड' पूर्ण गेले. १९२७मधला 'नाउ वी आर इन द एअर' हाही गेलाच असं धरलं होतं. त्यात तिची जुळ्या बहिणींची दुहेरी भूमिका होती. तिच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी प्रागच्या संग्रहालयात त्याचा वीसेक मिनिटांचा खराब झालेला तुकडा सापडला, चेक भाषेतल्या पाट्यांसह. तो दुरुस्त करून २०१७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मूकपट महोत्सवात दाखवला. त्यात लुईज आहे, वीस वर्षांची.